माणिकराव यारीवाले आणि तिरकी उतरण

आमच्या बुलढाण्याकडच्या उंद्रीत ‘माणिकराव हिवाळे’ कुठे राहतात असं विचारलं तर माणूस डोकं खाजवतो. ‘माणिक यारीवाला’ म्हटलं की चार जण घर दाखवायला उठतात. यारी म्हणजे विहीर खोदताना काठावर उभी करतात ती लोखंडी उचलणी. एक लांब दांडा, डिझेलचं इंजिन, तारेचा दोर आणि दोराला टांगलेली मोठी बकेट. खालचा दगड-मुरूम त्या बकेटीतून वर येतो आणि खाली खोदणारी माणसंही त्याच बकेटीत उभी राहून उतरतात. इंजिनापाशी बसलेल्या माणसाच्या हातात ब्रेक असतो. त्या ब्रेकवर खाली उभ्या असलेल्या सगळ्यांचा जीव असतो.

माणिकरावांनी ते काम तीस वर्षं केलं. एकशे बारा विहिरी. एकाही माणसाला खरचटलं नाही. मी हे ऐकीव सांगत नाही, आमच्या मळ्यातली विहीर त्यांनीच खोदली आणि मी काठावर उभी राहून पाहिलं आहे. बकेट अशी खाली जायची, जसा गवंड्याचा ओळंबा. इकडे नाही की तिकडे नाही. विहिरीत बकेट हलली तर भिंतीवर आपटते, आत उभ्या माणसाचं डोकं फुटतं. सरळ उतरवणं हीच त्या माणसाची विद्या होती, आणि तिचा त्याला गर्वही होता. असायलाच हवा.

त्यांची बायको मंजुळाबाई. ती लग्नाआधी विहिरीच्या कामावर टोपली भरायला जायची. पहिल्यांदा खाली उतरायची वेळ आली तेव्हा भीतीनं तिनं डोळे मिटून घेतले होते. “अन् उघडले तवा खाली पोचली होती,” असं ती अजून सांगते. “मले वाटलं, अजून सुरूच नाही झालं. मंग मी वर पाह्यलं, की हा कोन बाप्पा एवढ्या मऊ हाताचा?” लग्न त्यातून जुळलं. बाकी तपशील तिला विचारा, ती सांगताना थकत नाही, मी ऐकताना थकते.

मग पोकलेन आलं. तीस दिवसांचं काम तीन दिवसांत. यारी चार वर्षं कडुलिंबाखाली गंजत उभी राहिली आणि शेवटी भंगारात गेली. माणिकराव तेव्हा चोपन्न वर्षांचे. लोकांनी त्यांना राखणीचं काम सुचवलं, दुकानात बसा म्हणून सुचवलं. ते म्हणायचे, “मले हातात मशीन पायजे, बाई. बिनमशीनचा मी बिनपाण्याची विहीर.” मला ते ‘बाई’ म्हणतात, कारण मी चिखलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि आता त्यांच्या समोरच्या घरात राहते.

गेल्या दिवाळीनंतर गावच्या शेतकरी कंपनीनं फवारणीचं ड्रोन घ्यायचं ठरवलं. हरभऱ्यावर घाटेअळी येण्याच्या आत ते चालू करायचं होतं. कंपनीच्या अध्यक्ष संजीवनी. चाळिशीची, बोलायला कडक, पण न्यायाची. ड्रोन चालवायला गावातलाच एक माणूस निवडायचा, त्याला प्रशिक्षणाला पाठवायचं, परवाना काढून आणायचा. अट एकच, दहावी पास. माणिकराव दुसऱ्या फेरीत का होईना, पास आहेत. त्यांनी नाव दिलं. दुसरं नाव गोविंदाचं. सव्वीस वर्षांचा, मोबाइलवर चोवीस तास गाड्या पळवणारा, अंगठे विजेसारखे.

संचालकांमध्ये कुजबुज झाली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आणि ड्रोन? संजीवनीनं सरळ सांगितलं, “वय पाहायचं नाही. काम पाहायचं. चाचणी घेऊ.”

चाचणी घ्यायला चिखलीहून वकार आला. लग्नाचं शूटिंग करतो, ड्रोन दुरुस्त करतो, आणि शिकवण्यापुरतं एक लहान चार पंखांचं ड्रोन त्यानं स्वतः जोडलं आहे. महागड्या ड्रोनमध्ये उतरण्याचा वेग आपोआप रोखून धरायची सोय असते. ह्यात ती नाही. “याच्यावर जो शिकला, तो कशावरही शिकला,” असं वकारचं म्हणणं. आठ दिवस त्यानं दोघांना रोज तासभर शिकवलं. वर नेणं, एका जागी थांबवणं, चौकोन काढणं. माणिकरावांचा हात पाहून तो थक्क झाला. ड्रोन एका जागी थांबवलं की खुंटीला टांगल्यासारखं थांबायचं.

“काका, तुम्ही आधी उडवलंय का?”

“आधी उतरवलंय,” माणिकराव म्हणाले.

शेवटची परीक्षा उतरवण्याची होती. दोनशे फुटांवरून अर्ध्या मिनिटात खाली, पांढऱ्या फक्कीच्या भुकटीनं आखलेल्या गोलात. वेळेचं बंधन संजीवनीनं मुद्दाम घातलं होतं. पलीकडच्या एका गावात ड्रोन वर असताना बॅटरी संपत आली, चालवणारा घाबरून इंच इंच खाली आणत बसला आणि मशीन अर्ध्या वाटेवरच बंद पडून तुरीत कोसळलं. “मले जपून उतरवणारा पायजे अन् लवकर उतरवणाराही पायजे,” ती म्हणाली. “एक असून चालत नाही.”

पहिल्या रविवारी सगळं गाव सोयाबीन काढलेल्या मोकळ्या वावरात जमलं. गोविंदानं आधी उतरवलं. छान उतरवलं, पण एक मिनिट दहा सेकंद घेतले. मग माणिकराव. ड्रोन वर गेलं, थांबलं. वकारनं हात खाली केला, घड्याळ सुरू.

माणिकरावांनी ते सोडलं. सरळ खाली. ओळंब्यासारखं. मला आमची विहीर आठवली.

“काका, तिरकं घ्या! मी सांगितलं होतं ना, तिरकं!” वकार ओरडला.

“तिरकं म्हंजे भिताडावर,” माणिकराव पुटपुटले. त्यांची नजर वर होती.

पहिले ऐंशी-नव्वद फूट सुंदर गेले. मग ड्रोन चाळणीसारखं हलायला लागलं. थरथर, डुगडुग, एकदा इकडे कलंडलं, एकदा तिकडे. यारीवर बकेट हलली की काय करायचं ते त्या हाताला तीस वर्षं ठाऊक होतं, खाली सोडणं थांबवायचं आणि वर ओढायचं. त्यांनी पूर्ण जोर दिला. पंखे किंचाळले. आणि ड्रोन वर यायचं सोडून आणखी जोरात बुडालं. बुडालं हाच शब्द बरोबर. दगड पडतो तसं नाही, गाळात पाय जातो तसं.

ते मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या, कुटाराच्या ढिगात घुसलं. ढीग होता म्हणून दोन पंखे आणि एक पाय एवढ्यावर निभावलं.

 मग गोविंदाला राहवलं नाही. “काका, यारी नाही बे हे! दोर कुठी हाय याले?”

हशा झाला. मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहत होती. “पन्नास फूट मले उतरवलं तवा पदर नाही हालला. अन् हे एवढंसं पाखरू पाडलं तुमी!”

“मले समजलंच नाही,” माणिकराव म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही.

संजीवनीनं निकाल दिला. “दोघंही नापास. एक उशिरा आला, एक कुटारात गेला. येत्या रविवारी पुन्हा. तेव्हाही जमलं नाही तर मी बाहेरचा माणूस लावते. हरभरा तुमच्यासाठी थांबत नाही.”

सोमवारी सकाळी माणिकराव माझ्या ओट्यावर आले. चहा समोर ठेवला तरी कप उचलेनात.

“बाई, तुमी फिजिक्स शिकवलं ना?”

“शिकवलं.”

“मंग सांगा. गोटा पडते तसं ते नाही पडलं. गोटा पडताना मी लय पाह्यला. हे आधी हादरलं, मंग बुडलं. अन् मी जोर देल्ला तर जास्त बुडलं. जोर वरचा, जाणं खाली. असं काऊन?”

मी गुरुत्वाकर्षण सांगितलं. उचल सांगितली. कागदावर बाण काढले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “हे तर उडायचं झालं. बुडायचं सांगा.”

मला सांगता आलं नाही. उगाच का खोटं बोलू? एकतीस वर्षं मी मुलांना पंखा, विमान, फुगा सगळं शिकवलं, पण ह्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट माझ्या वहीत नव्हती. मी म्हटलं, शोधून सांगते. ते म्हणाले, “तुमी शोधा. मीही शोधतो. पाहू कोनाले आधी सापडते.”

पुढचे दोन दिवस ते तेच शोधत होते. मंजुळाबाई माझ्याकडे येऊन तक्रार करायची. “जेवता जेवता हात वर धरते अन् खाली आणते. भाकर हातातच. मी म्हटलं, अवं, तोंड मधात हाय, तिथी उतरवा ना!”

बुधवारी संध्याकाळी मला समोरून हाक आली. माणिकराव रस्ता ओलांडून आले, चेहरा उजळलेला.

“बाई, जुन्या विहिरीत उतरायच्या आधी आमी काय करत होतो?”

“काय?”

“कंदील सोडत होतो. कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही. अन् सुरुंग उडवला की धूर निघून जायेपर्यंत कोनी खाली नाही जायचं. म्हंजे काय? उतरायच्या आधी हवेले इचारायचं. मी त्या दिवशी हवेले इचारलंच नाही!”

“मग विचारणार कसं? हवा दिसत नाही.”

“धूर टाकला की दिसते.”

मी मान्य करते, त्या क्षणी मला हेवा वाटला. प्रयोग असा सुचावा लागतो.

गुरुवारी सकाळी ते पहिल्या गाडीनं चिखलीला गेले आणि वकारला दुकानातून अक्षरशः उठवून घेऊन आले. पंखे बदललेलं ड्रोन त्याच्या मांडीवर. वकार कुरकुरत होता, “काका, आज माझं एक साखरपुड्याचं काम आहे.”

“साखरपुडा दुपारी असते. धूर सकाळीच सरळ जाते.”

खरंच त्या दिवशी वाऱ्याचा मागमूस नव्हता. माणिकरावांच्या गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत मंजुळाबाईनं घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या होत्या, वर ओला कडुलिंबाचा पाला. गुरांना डास चावू नयेत म्हणून करतात तशी धुरी. पांढरा धूर सुतासारखा वर चालला होता. माणिकरावांनी सांगितलं, आम्ही सगळे गोठ्याच्या भिंतीपलीकडे उभे राहिलो. पंखे फिरत असताना कोणी जवळ यायचं नाही, हा त्यांचा यारीपासूनचा कायदा.

वकारनं ड्रोन धुराच्या वर नेऊन थांबवलं. धूर खाली दाबला गेला आणि जमिनीवर सगळीकडे पसरला.

“आता खाली आण. सरळ. पडायच्या आधी थांबजो.”

“काका, पडलं तर?”

“तर मी कुटार आणून ठेवलंच हाय.” खरंच ठेवलं होतं, चांगलं कमरेएवढं.

वकारनं ड्रोन पुन्हा उंच नेलं आणि भराभर खाली आणायला सुरुवात केली. आणि मग जे दिसलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पंखांनी खाली ढकललेला धूर बाजूंनी वर वळला. वर वळून पंखांच्या डोक्यावरून पुन्हा आत आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. ड्रोनच्या भोवती धुराचं एक जाडजूड कडं तयार झालं, ट्रॅक्टरच्या ट्यूबसारखं, आणि ते कडं आतल्या आत गरागरा फिरत होतं. ड्रोन त्याच्या मधोमध डुगडुगायला लागलं.

“अवं माय!” मंजुळाबाई ओरडली. “ते आपलाच धूर खाऊन राह्यलं!”

“वकार, बाजूले काढ! वर नको, बाजूले!” माणिकराव.

वकारनं पुढे दाबलं. ड्रोन कड्यातून बाहेर घसरलं, स्वच्छ हवेत आलं, आणि लगेच शांत. एक थरथर नाही. धुराचं कडं मागे एकटंच फिरत राहिलं आणि हळूहळू विरलं.

आम्ही चौघंही मिनिटभर वेड्यासारखे हसत होतो.

आता माझी पाळी होती, तेव्हा मी समजावून सांगितलं. ड्रोन हवा खाली ढकलतं म्हणून तरंगतं. सरळ आणि जोरात खाली आलं की ते स्वतःच ढकललेल्या हवेत शिरतं. ती घुसळलेली हवा कडेनं वर जाऊन पुन्हा पंख्यात येते. मग जोर वाढवला की घुसळण वाढते, उचल वाढत नाही. म्हणून वर ओढलं तरी बुडतं. सुटका बाजूला, जिथली हवा अजून कोरी आहे. आणि तिरकं उतरलं तर पंख्यांना सारखी कोरी हवा मिळत राहते, म्हणून तसं जास्त वेगानंही उतरता येतं.

“म्हणजे तिरकं उतरणं सुरक्षितही आणि लवकरही,” मी म्हटलं.

“मी हेच तर सांगितलं होतं!” वकार कळवळून म्हणाला.

“तू सांगितलं होतं तिरकं. काऊन तिरकं, ते नव्हतं सांगितलं.”

“मला तरी कुठं माहीत होतं? उस्तादांनी सांगितलं, तिरछा उतारो, मी उतरवत आलो. आज पहिल्यांदा पाहिलं.”

“मी आयकलं होतं बरं,” माणिकराव मग हळूच म्हणाले. “पन मनात म्हटलं, हा पोरगा मले उतरवणं शिकवते! तिरकं म्हंजे यारीवर माणूस मेलाच समजा. माह्या हातानं आयकलंच नाही.”

कळणं एक आणि हाताला वळण लागणं वेगळं. वकारनं साखरपुड्याला दुसरं ड्रोन नेलं आणि हे रविवारपर्यंत ठेवून गेला. शुक्रवार-शनिवार माणिकराव सकाळ-संध्याकाळ त्या मोकळ्या वावरात. मंजुळाबाई दूर बांधावर बसून पहारा करायची. बोटं पुन्हा पुन्हा जुन्या वाटेनं जायची आणि ड्रोन सरळ सुटायचं.

“सरळ चाल्लं वो, सरळ!” ती तिथून ओरडायची.

“दिसते मले!”

“दिसते तर वळवा ना मंग! राजूर घाटातून एसटी कशी उतरते? बुलढाण्याहून सरळ टाकते का खाली मोताळ्यात?”

हे मात्र त्यांना पटलं. घाट. गाडी पुढे जाते, वळते, पुढे जाते, वळते, आणि जाता जाता खाली येते. त्यांनी स्वतःसाठी नियम केला की रिमोटवर आधी ड्रोन पुढे नेणारा उजवा अंगठा, मगच खाली आणणारा डावा. पुढे गेल्याशिवाय खाली नाही. मोकळ्या वावराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकं उतरायचं, ऐसपैस वळायचं, परत तिरकं. माणसांच्या डोक्यावरून कधीच नाही. आणि जमीन जवळ आली की वेग आधीच आवरायचा, शेवटच्या क्षणी करकचून नाही. विहिरीची खोली आमच्याकडे परसात मोजतात. हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परस. “वरचे बाकी परस घाट, खालचे दोन परस यारी,” ते म्हणाले. म्हणजे शेवटी हळूहळू, सरळ, मऊ. त्यांची जुनी विद्या वाया गेली नव्हती, तिची जागा फक्त खालच्या चौदा-पंधरा फुटांत होती.

रविवारी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी. कुटारात पडलेलं ड्रोन पाहायला न आलेलेही ह्या वेळी आले होते. आपल्या लोकांना पडणं पाहायला फार आवडतं.

गोविंदानं आधी उतरवलं. बिचाऱ्यानं गेल्या रविवारची धास्ती घेतली होती, हादरेल म्हणून थांबत थांबत आणलं. बावन्न सेकंद. गोलाच्या मधोमध, पण बावन्न.

माणिकरावांनी टोपी काढून मंजुळाबाईच्या हातात दिली. ड्रोन वर गेलं. दोनशे फूट. थांबलं. वकारनं घड्याळावर अंगठा ठेवला, हात उंच केला.

आणि पश्चिमेकडून दोन घारी आल्या.

आधी लांबून फिरल्या. मग एकीनं पंख मिटले आणि ड्रोनवर झेप घेतली. हातभर अंतरावरून गेली. गर्दीत आरडाओरड झाली. दुसरी वरून वळत होती.

“काका, खाली घ्या! आत्ताच्या आत्ता!” वकार.

माणिकरावांनी पुढे दाबलं. ड्रोन गर्दीपासून दूर, रिकाम्या वावरावरून तिरकं सुटलं. घार मागे. कडेला जाऊन वळलं, परत तिरकं. आता ते घाट उतरत होतं आणि झपाट्यानं उतरत होतं. दुसऱ्या वळणावर घार पुन्हा आली, अगदी समोरून. मी माणिकरावांच्या बोटांकडे पाहत होते. घाबरून उजवा अंगठा मागे आला, डावा खाली गेला. ड्रोन जागच्या जागी सरळ सुटलं.

लगेच डुगडुगलं. तीच चाळणी.

मंजुळाबाईनं पदर तोंडात कोंबला. गेल्या रविवारी वर ओढल्यावर काय झालं ते पाहिलेला गोविंदाच माझ्या शेजारून कुजबुजला, “वर नका ओढू काका, वर नका ओढू.”

त्यांनी वर ओढलं नाही. तीस वर्षांचा हात वर ओढायला निघाला असेल, मी त्या हाताला पाहिलं आहे. पण त्यांनी पुढे ढकललं. ड्रोन बाजूला घसरलं, एकदा मान हलवल्यासारखं हललं आणि सरळ झालं. पुन्हा तिरकं, एक शेवटचं मोठं वळण, मग वेग कमी, कमी, आणि शेवटचे दोन परस विहिरीत बकेट उतरावी तसे. फक्कीच्या गोलात चारही पाय. एक रेषेवर असेल फार तर. दोन्ही घारी वर एक फेरी मारून कंटाळून निघून गेल्या.

टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं. संजीवनी वकारकडे वळली. “किती?”

वकार ड्रोनकडेच पाहत होता. मग त्यानं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा वर.

“दाबायचं राहिलं,” तो म्हणाला.

“काय राहिलं?”

“घार आली ना मॅडम... मी विसरलो.”

असा गोंधळ उडाला म्हणता! कोणी म्हणे वीस सेकंद, कोणी म्हणे पंचेचाळीस. एक संचालक म्हणाले, नियम म्हणजे नियम, पुन्हा उडवा. मी म्हटलं, मग घारींनाही पुन्हा बोलवा. तेवढ्यात गोविंदा पुढे आला आणि मोबाइल संजीवनीच्या हातात दिला.

“मी व्हिडिओ काढला, ताई. खाली यायला लागल्यापासून मोजा.”

“तू कायले काढला बे?” कोणीतरी विचारलं.

“पडले असते तर टाकला असता,” तो खरं तेच बोलला. “पन आता हाच टाकतो.”

आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. संजीवनीनं दोनदा पाहिला, बोटानं मागे नेऊन तिसऱ्यांदा. सव्वीस सेकंद. घारीसकट, डुगडुगीसकट.

“माणिकभाऊ,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “माणिकभाऊ!”

माणिकराव तिथे नव्हतेच. ते गोलापाशी होते आणि ड्रोन उचलायला धावलेल्या दोन मोठ्या बाप्यांना झापत होते. “पंखे थांबल्याबिगर हात लावायचा नाही! आधी बॅटरी मी काढीन, मंग तुमी या. मांगं सरका. अजून मांगं. तुमाले बोटं नको झाले काय?”

संजीवनी हसायला लागली. तिला तसं हसताना मी क्वचितच पाहिलं आहे. “सांगा वो त्यांना,” ती मंजुळाबाईला म्हणाली. “हे तर आधीच कामावर लागले.”

मंजुळाबाई वावरातून धावत गेली. पन्नाशी ओलांडलेली बाई, चपला हातात. “अवं, झालं तुमचं! सव्वीस! तुमालेच देल्लं!”

“काय देल्लं?”

“ड्रोन, माय! काय देल्लं म्हन्ते! अख्खं गाव आयकून राह्यलं अन् हा माणूस इचारते काय देल्लं!”

त्यांनी बॅटरी काढली, खिशात ठेवली, आणि मग त्यांना ते समजलं. आधी ओठ हलले, मग सगळा चेहरा. तिनं टोपी त्यांच्या डोक्यावर उलटी बसवली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. गोविंदानं तेवढ्यात दोघांचा फोटो काढला.

जरा वेळानं चहाच्या गर्दीतून वाट काढत ते वकारला गाठायला आले. “वकार, फवारणीचं ड्रोन टाकी भरल्यावर लय जड असन ना?”

“असतं.”

“मंग ते धुराचं कडं किती मोठं पडन? अन् टाकी अर्धी झाली की? पानी आत हालते तवा वळन कसं घ्यायचं?”

“काका,” वकार हात जोडून म्हणाला, “आज चहा प्या.”

“पेतो ना. पेता पेता सांग.”